डेटाबेस असताना ऑन्टॉलॉजी कशाला, आणि सुरुवात कुठून?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका रुग्णालय-समूहात काम करणाऱ्या अभियंत्याला तीन प्रणालींमधल्या नोंदी एकत्र आणायच्या आहेत. एकीत डॉक्टरांनी निदान मोकळ्या मजकुरात लिहिलेलं आहे, दुसरीत आयसीडी-10 या आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाचे कोड आहेत आणि तिसरीत रुग्णालयाने स्वतःच केलेली आजारांची यादी आहे. वरून आदेश आला की 'ऑन्टॉलॉजी करा', म्हणजे क्षेत्रातल्या संकल्पना आणि त्यांचे संबंध यंत्राला कळतील असे लिहून काढा. त्यांची विचारणा अशी: डेटाबेस तर आहेच, मग ऑन्टॉलॉजीत वेगळं काय? ती शून्यापासून करायची का? आणि आता भाषा-मॉडेलं असताना एवढा खटाटोप हवा कशाला?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्यावर तुमचे कित्येक महिने वाचतील. शून्यापासून करू नका. वैद्यकीय क्षेत्रात स्नोमेड सीटी ही वैद्यकीय संकल्पनांची तयार रचना आहे. अमेरिकेतलं स्नोमेड आरटी आणि ब्रिटनमधल्या रीड कोडची तिसरी आवृत्ती या दोन जुन्या संज्ञासंग्रहांचा मिलाफ करून ती 2002 मध्ये आली आणि आज तिच्यात साडेतीन लाखांहून अधिक संकल्पना आहेत. भारत 2014 पासून तिच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा सदस्य आहे, त्यामुळे भारतात वापरासाठी परवाना-शुल्क लागत नाही. देशाचं वितरण आणि मार्गदर्शन पुण्यातल्या सी-डॅकमध्ये असलेल्या राष्ट्रीय केंद्राकडून चालतं आणि भारतीय बाजारातल्या औषधांसाठीची जोडही तिथूनच मिळते. आरोग्य मंत्रालयाच्या 2016 च्या ईएचआर (इलेक्ट्रॉनिक आरोग्यनोंदी) मानकांनीही तिचीच शिफारस केली आहे. तुमचं काम तिच्यातला लागेल तेवढा भाग उचलणं, तुमच्या याद्या तिला जोडणं आणि जिथे खरोखरच काही कमी पडतं तिथेच स्वतःची भर घालणं, एवढंच आहे. तेही लहान काम नाही.

आता मूळ मुद्दा. संगणकशास्त्रज्ञ टॉम ग्रुबर यांनी 1993 मध्ये ऑन्टॉलॉजीची जी व्याख्या केली तिचा आशय असा: एखाद्या क्षेत्राकडे आपण ज्या संकल्पनांमधून पाहतो, त्या संकल्पना उघडपणे आणि नेमक्या मांडून ठेवणं. यातल्या 'उघडपणे' या अटीत सगळं काही आलं. डेटाबेसच्या स्कीमातही, म्हणजे तक्ते-रकान्यांच्या आखणीतही, संकल्पना असतातच, पण त्यांचा अर्थ प्रोग्रामरच्या डोक्यात किंवा कोडमध्ये दडलेला असतो. 'डायग्नोसिस' नावाच्या रकान्यात पक्कं निदान आहे, नुसता संशय आहे, की विमा मंजूर व्हावा म्हणून टाकलेला कोड आहे, हे तक्ता सांगत नाही. ज्याने तो तक्ता केला त्याने नोकरी सोडली की अर्थही त्याच्याबरोबर गेला. ऑन्टॉलॉजीत तो अर्थ तर्काच्या भाषेत लिहिलेला असतो, म्हणून यंत्राला तो तपासता येतो आणि त्यावरून पुढचे निष्कर्ष काढता येतात.

हे डोळ्यांसमोर यावं म्हणून एकच संकल्पना जवळून पाहू: विषाणूजन्य न्यूमोनिया. यादीत ती नुसती एक ओळ असते. स्नोमेडमध्ये तिच्यासोबत विधानं असतात: विकाराचं स्थान फुप्फुस, कारक जीव विषाणू, वगैरे. आता समजा कुणी इन्फ्लुएन्झा विषाणूमुळे होणारा न्यूमोनिया नव्याने नोंदवला आणि त्याचा कारक म्हणून 'इन्फ्लुएन्झा विषाणू' एवढंच लिहिलं. इन्फ्लुएन्झा विषाणू हा विषाणूंचा प्रकार आहे हे जीवांच्या शाखेत आधीच लिहिलेलं आहे. त्यामुळे नवा आजार विषाणूजन्य न्यूमोनियाखाली जातो हे कुणी हाताने लिहावं लागत नाही. रिझनर, म्हणजे लिहिलेल्या विधानांवरून तर्काने निष्कर्ष काढणारा प्रोग्राम, ते स्वतः शोधून काढतो. लाखो संकल्पनांमधले हे संबंध माणसांनी एकेक करून जोडायचे ठरवले तर चुका अटळ आहेत. व्याख्या लिहायच्या आणि उतरंड यंत्राकडून काढून घ्यायची, ही या कामाची खरी पद्धत.

तुमच्या दुसऱ्या प्रणालीत आयसीडी-10 आहे, म्हणून त्याबद्दल थोडं. आयसीडी हे सांख्यिकीसाठी केलेलं वर्गीकरण आहे. प्रत्येक मृत्यू, प्रत्येक रुग्ण एकदाच मोजला जावा, म्हणून प्रत्येक आजाराला तिथे एकच घर मिळतं. फुप्फुसाचा क्षयरोग पहिल्या प्रकरणात, संसर्गजन्य आजारांमध्ये आहे, ए15 आणि ए16 खाली. श्वसनसंस्थेचे आजार दहाव्या प्रकरणात, 'जे'ने सुरू होणाऱ्या कोडमध्ये. तुमच्या एखाद्या विश्लेषकाने 'फुप्फुसांच्या आजारांचे रुग्ण काढा' म्हणून सगळे 'जे' कोड उचलले, तर त्यात क्षयरोगाचा एकही रुग्ण येणार नाही. भारतात अशा अहवालाचा उपयोग काय? स्नोमेडमध्ये फुप्फुसाचा क्षयरोग हा फुप्फुसाचाही आजार असतो आणि क्षयरोगही, कारण दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. याचा अर्थ आयसीडी टाकून द्या असा नाही. मोजणीसाठी आणि विम्यासाठी ते लागणारच. पण आयसीडीचा कोड स्नोमेडवरून काढता येतो, उलट दिशेने जाताना माहिती हरवलेली असते. म्हणून नोंद करताना बारीक संकल्पना नोंदवा आणि अहवालासाठी तिच्यावरून कोड काढा.

आता ज्या जागी बहुतेक प्रकल्प घसरतात तिकडे वळतो, आणि इथे मी थोडा वेळ घेणार आहे. उपवर्गाची प्रत्येक रेघ म्हणजे 'प्रत्येक' असा दावा असतो. 'अ हा ब चा प्रकार' असं लिहिलंत की तुम्ही म्हणता: प्रत्येक अ, कुठेही, कधीही, अपवाद न करता, ब असतो. 'साधारणपणे', 'आमच्याकडे तरी', 'मेनूत तिथे सापडतो म्हणून' यांना तिथे जागा नाही. प्रत्येक रेघ ओढताना हे वाक्य मोठ्याने म्हणून पाहायचं, ही सवय मी माझ्यासोबत काम करणाऱ्या प्रत्येकाला लावतो. बोट हा हाताचा प्रकार आहे का? नाही, तो हाताचा भाग आहे. हे इतकं उघड आहे की यात कोण चुकेल असं वाटतं, पण स्नोमेडसारख्या मातब्बर रचनेलाही या प्रश्नाने छळलं आहे.

झालं असं. बोटाला इजा झाली म्हणजे हाताला इजा झाली, हे वैद्यकीयदृष्ट्या बरोबर. हातांच्या इजांचे रुग्ण शोधताना बोटांच्या इजा यायलाच हव्यात. ते साधण्यासाठी स्नोमेडने प्रत्येक अवयवाच्या तीन संकल्पना केल्या: 'संपूर्ण हात', 'हाताचा भाग' आणि या दोन्हींना सामावून घेणारी 'हात-रचना'. बोट हे हात-रचनेखाली आलं आणि इजा हात-रचनेला जोडली की बोटाची इजा आपोआप हाताच्या इजेखाली आली. छान. पण अंगच्छेद त्याच पद्धतीने जोडला तर? बोट कापलं म्हणजे हात कापला, असा निष्कर्ष रिझनर काढतो. तर्कात कुठेही चूक नाही आणि वैद्यकीयदृष्ट्या तो भयंकर आहे. संशोधक फ्रान्झ बाडर, श्टेफान शुल्झ, केंट स्पॅकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 मध्ये हा प्रश्न तपशिलात मांडला आणि या तिहेरी रचनेऐवजी 'भाग आहे' या संबंधाचेच नियम तर्कभाषेत लिहावेत, असा मार्ग सुचवला. तुम्हाला यातून घ्यायचं ते हे: भागाकडून संपूर्णाकडे कोणता गुण चढतो आणि कोणता चढत नाही, हे प्रत्येक संबंधासाठी वेगळं ठरवावं लागतं. इजा चढते, अंगच्छेद चढत नाही. तिरकस संकल्पना घेऊन रिझनरला विचारत राहिल्याशिवाय अशा गोष्टी हाती लागत नाहीत.

दुसरी घसरण भूमिकेची. 'रुग्ण' आणि 'डॉक्टर' हे 'व्यक्ती'चे दोन वेगळे, एकही व्यक्ती दोन्हींत असू शकत नाही असे उपवर्ग करून टाकले की तुमच्याच रुग्णालयातला डॉक्टर ॲडमिट झाल्या दिवशी सगळी रचना विसंगत होते. निकोला ग्वारिनो आणि ख्रिस्तोफर वेल्टी यांनी ऑन्टोक्लीन नावाच्या पद्धतीत यासाठी एक साधी कसोटी दिली आहे: ती वस्तू तीच राहून हा गुण सोडू शकते का? माणूस बरा होतो, रुग्ण राहत नाही, पण माणूस राहतो. म्हणजे 'रुग्ण' ही भूमिका. ती व्यक्तीला ठराविक काळापुरती जोडायची. हीच कसोटी कर्मचारी, दाता, पुरवठादार सगळ्यांना लावा.

याच घरातली तिसरी गोष्ट म्हणजे आजार, निदान आणि निदानाची नोंद एकच मानणं. आजार शरीरात असतो. निदान हा डॉक्टरांचा निष्कर्ष, तो चुकीचाही असू शकतो. नोंद हा संगणकातला मजकूर. मधुमेहाची संकल्पना 73211009 आहे, टाइप 2 मधुमेहाची 44054006. 'वडिलांना मधुमेह' ही नोंद यांपैकी कशाखालीही येत नाही. स्नोमेडमध्ये कौटुंबिक इतिहास वेगळ्या शाखेत, संदर्भासह सांगितलेल्या परिस्थितींमध्ये ठेवलेला आहे, आणि तो तिथे का आहे हे समजून न घेता कुणी मजकुरातला 'मधुमेह' शब्द पाहून 73211009 चिकटवला तर निरोगी मुलगा मधुमेहींच्या यादीत जाऊन बसतो. 'नाकारला गेलेला संशय' याचंही तेच. आणि इथे एक गुंता आहे, तो आत्ताच सोडवा: आयुष्मान भारत डिजिटल मिशन आरोग्यनोंदींच्या देवाणघेवाणीच्या ज्या एफएचआयआर मानकावर चालतं, त्यातही कुटुंबाच्या इतिहासासाठी स्वतंत्र घटक आहे आणि निदान नाकारल्याची खूणही आहे. म्हणजे एकच अर्थ दोन जागी ठेवता येतो. एक जागा ठरवा, लेखी ठरवा आणि तिन्ही प्रणालींना तीच लावा. नाहीतर अर्धे रुग्ण एका शोधात सापडतील, अर्धे दुसऱ्या.

डेटाबेसकडून आलेल्या माणसाला सगळ्यात जड जातं ते आऊल या ऑन्टॉलॉजी लिहिण्याच्या भाषेचं खुलं जग. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यू3सी संस्थेने 2004 मध्ये आऊल मानक म्हणून स्वीकारली, दुसरी आवृत्ती 2009 ची. तिच्यात जे लिहिलेलं नाही ते खोटं मानत नाहीत, ते फक्त माहीत नसतं. एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेत पेनिसिलिनच्या ॲलर्जीची नोंद सापडली नाही की 'ॲलर्जी नाही' असं उत्तर सहज निघतं. पण विचारलंच नसेल तर? वैद्यकात या दोन गोष्टींमध्ये एखाद्याचा जीव असतो. आपल्याकडे वैशेषिकांच्या परंपरेत द्रव्य, गुण, कर्म यांच्या रांगेत अभाव हाही एक पदार्थ मानला गेला, 'जमिनीवर घडा नाही' हे स्वतंत्र ज्ञान म्हणून धरलं गेलं. रुग्णनोंदी रचणाऱ्याने हा विचार मनापासून घ्यावा असं मला वाटतं. अभावाचीही नोंद करावी लागते. स्नोमेडमध्ये 'ज्ञात ॲलर्जी नाही' अशी संकल्पना मुद्दाम ठेवलेली आहे. फॉर्ममध्ये तो पर्याय द्या आणि रकाना रिकामा राहिला तर त्याचा अर्थ 'विचारलं नाही' इतकाच घ्या.

खुल्या जगाचा आणखी एक परिणाम. आऊलमध्ये दोन नावं म्हणजे दोन वेगळ्या वस्तू, असं गृहीत धरत नाहीत. प्रत्येक बाळाला एकच जन्मदात्री असते असा नियम लिहिलात आणि डेटात एका बाळासमोर 'सुनीता' आणि 'सुनिता' अशा दोन नोंदी आल्या, तर रिझनर चूक दाखवणार नाही. त्या दोघी एकच आहेत असा निष्कर्ष तो शांतपणे काढेल. कधी तो बरोबरही असेल! पण तुम्हाला डेटा तपासायचा असेल, रकाना भरला आहे का, दोनदा तर भरला नाही ना, तर ते काम आऊलचं नाही. त्यासाठी शॅकल ही डेटा तपासण्याचे नियम लिहायची भाषा आहे, 2017 पासून डब्ल्यू3सीचं मानक. अर्थ आऊलमध्ये, तपासणी शॅकलमध्ये. ही दोन कामं एकाच भाषेकडून करून घेण्याच्या हट्टात मी चांगल्या टीम थकलेल्या पाहिल्या आहेत.

वेगाबद्दल थोडक्यात. आऊलची पूर्ण ताकद वापरली तर मोठ्या रचनेवर रिझनर अडून बसतो. स्नोमेड तर्कभाषेच्या ज्या लहान कुटुंबात लिहिलेली आहे त्याला ईएल म्हणतात. त्यात नकार आणि 'हे किंवा ते' नाही, आणि त्या बदल्यात ईएलके सारखा रिझनर अख्खी उतरंड साध्या संगणकावर काही सेकंदांत काढून देतो. तुमची भरही ईएलमध्येच ठेवा. प्रोटेजे हे ऑन्टॉलॉजी लिहिण्याचं स्टॅनफर्डचं मोफत साधन शिकायला पुरेसं आहे.

सुरुवात प्रश्नांपासून करा. मायकल ग्रुनिंगर आणि मार्क फॉक्स यांनी टोरांटो विद्यापीठात 1995 च्या सुमारास ही पद्धत मांडली: ऑन्टॉलॉजीने कोणत्या प्रश्नांची उत्तरं द्यायला हवीत ते आधी लिहून काढायचं. तुमच्या बाबतीत ते प्रश्न डॉक्टरांकडून आणि अहवाल मागणाऱ्यांकडून यायला हवेत. 'मूत्रपिंडावर परिणाम झालेले मधुमेही किती, आणि त्यांतल्या कोणाला मूत्रपिंडाला घातक औषध चालू आहे?' हा चांगला प्रश्न आहे. यात आजार, त्याचा परिणाम, औषध, औषधातला घटक आणि घटकाचा गुण अशा पाच गोष्टी लागतात आणि त्यांच्यातले संबंधही ठरतात. 'सगळं वैद्यकीय ज्ञान एकत्र हवं' हा प्रश्नच नव्हे. डग लेनाट यांनी 1984 मध्ये सायक प्रकल्प सुरू केला तो माणसाचं एकूण सामान्यज्ञान यंत्रात घालण्यासाठी; दशकानुदशकं चाललेलं ते काम आदर वाटावा असंच आहे, पण रुग्णालयाला ती वाट परवडणार नाही. जो प्रश्न कुणी विचारत नाही त्यासाठी एकही वर्ग तयार करू नका.

काय जमतं याचा नमुना हवा असेल तर जीन ऑन्टॉलॉजी पाहा. 1998 मध्ये फळमाशी, यीस्ट आणि उंदीर यांच्या जनुकांचे डेटाबेस सांभाळणारे तीन गट एकत्र आले. त्यांची अडचण अगदी तुमच्यासारखी होती: एकाच कामाला तिघांकडे तीन नावं. त्यांनी फक्त तीन शाखा ठेवल्या: रेणूचं कार्य, जैविक प्रक्रिया आणि पेशीतली जागा. संकल्पना एकीकडे आणि 'या जनुकाचं हे काम' ही विधानं दुसरीकडे. शिवाय प्रत्येक विधानासोबत पुराव्याचा कोड: प्रयोगातून कळलं, की संगणकाने अंदाज केला. ही शेवटची गोष्ट तुम्ही जशीच्या तशी उचला. तुमच्या मोकळ्या मजकुरातून यंत्राने काढलेलं निदान आणि डॉक्टरांनी स्वतः निवडलेलं निदान एकाच रंगात दिसता कामा नये.

आणि भाषा-मॉडेलं? त्यांचा उपयोग आहे, मी रोज करतो. 'शुगर आहे, बीपीची गोळी चालू, छातीत धडधड' अशा मिश्र मजकुरातून कोणत्या संकल्पना असू शकतील हे ती सुंदर सुचवतात, आणि मराठी-इंग्रजी सरमिसळीचं त्यांना फारसं वावडं नसतं. पण मॉडेलला थेट 'स्नोमेड कोड दे' असं सांगू नका. ते आत्मविश्वासाने आकडा देईल. स्नोमेडच्या ओळखक्रमांकाचा शेवटचा अंक तपासणीचा असतो, त्यामुळे पूर्ण बनावट आकडे त्यावर बहुतेक पकडले जातात. पण खराखुरा, मात्र भलत्याच संकल्पनेचा आकडा आला तर तो तपासणीतून आरामात निसटतो. म्हणून आधी संज्ञांच्या शोधातून खऱ्या संकल्पनांची छोटी यादी काढायची, मॉडेलला त्यातूनच निवडायला सांगायचं, आणि कौटुंबिक इतिहास, नाकारलेलं निदान, संशय यांची नोंद माणसाकडून पाहून घ्यायची. मॉडेल ऑन्टॉलॉजीची जागा घेत नाही. त्याचं उत्तर बरोबर की चूक हे ठरवायला मुळात ठरलेला अर्थ कुठेतरी लिहिलेला लागतो, आणि ते काम ऑन्टॉलॉजीचं आहे.

एक गोष्ट पहिल्याच बैठकीत ठरवून घ्या: सांभाळणार कोण? संकल्पना बदलतात, काही मागे पडतात. स्नोमेडमध्ये आणि जीन ऑन्टॉलॉजीत जुनी संकल्पना पुसत नाहीत. ती निष्क्रिय करतात, शक्य असेल तिथे बदली संकल्पना दाखवतात आणि तिचा क्रमांक पुन्हा दुसऱ्या कशालाही देत नाहीत, कारण जुन्या नोंदी त्याच्याकडेच बोट दाखवत असतात. तुमच्या स्वतःच्या भरीलाही हाच नियम लावा, क्रमांकात अर्थ कोंबू नका आणि प्रत्येक नोंदीत कोणत्या आवृत्तीनुसार कोड दिला ते साठवा. यासाठी एक वैद्यकीय जाणकार आणि एक तंत्रज्ञ, दोघांच्याही कामाच्या वर्णनात हे लिहून आठवड्यातले ठराविक तास राखून ठेवावे लागतील. व्यवस्थापन त्याला तयार नसेल, तर स्वतःची एकही संकल्पना न घालता फक्त स्नोमेडशी जोडणी करा. तेवढ्यानेही तुमच्या तीन प्रणाली एकमेकींशी बोलू लागतील.